दक्षिणेचा ‘मित्र’ आपल्या जिल्ह्यातून दिसतो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेल्या पंधरवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळच्या तारकासंस्थेविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. लेख चांगला होता आणि आमच्या घरी तो तिघांनी वाचला. मात्र ‘ही तारकासंस्था केवळ दक्षिण गोलार्धातून दिसते, आपल्याकडून नाही’ असे जे वाक्य त्यात आले आहे ते बरोबर नाही. ज्याला इंग्रजी पुस्तकांत अल्फा सेंटॉरी म्हणतात आणि आपल्या मराठी आकाशनकाशांत ‘मित्र’ हे सुंदर नाव आहे, तो तारा सांगली जिल्ह्यातून दरवर्षी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मी कवठेमहांकाळ तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असल्यामुळे उन्हाळ्यात मध्यरात्री बांधावर असणे हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि गेली अनेक वर्षे मी हा तारा पाहत आलो आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हिशेब अगदी साधा आहे. मित्र तारा आकाशाच्या विषुववृत्तापासून सुमारे ६१ अंश दक्षिणेला आहे आणि आमचा तालुका पृथ्वीच्या विषुववृत्तापासून १७ अंश उत्तरेला आहे. नव्वदातून हे दोन्ही आकडे वजा केले की १२ उरतात. म्हणजे तारा बरोबर दक्षिणेला येतो त्या वेळी क्षितिजापासून १२ अंश वर असतो. हात ताठ समोर धरून मूठ आवळली, तर त्या मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. तेव्हा क्षितिजावर मूठ टेकवावी आणि तिच्या किंचित वर पाहावे, एवढेच करायचे आहे. पुण्याहून तो साडेदहा अंशांवर येतो, नाशिकहून नऊ अंशांच्या थोडा वर, नागपूरहून आठावर, आणि दिल्लीहून जेमतेम अर्धा अंश, म्हणजे व्यवहारात नाहीच. लेखातील वाक्य दिल्लीपुरते खरे मानता येईल. आपल्याकडे मात्र तो दक्षिणेच्या २४ अंश पूर्वेला उगवतो, २४ अंश पश्चिमेला मावळतो आणि मधले साडेसात तास क्षितिजाच्या वर असतो.

केव्हा पाहायचा, हे महिन्याच्या नावातच आहे. ज्या महिन्याची पौर्णिमा विशाखा नक्षत्राजवळ होते तो वैशाख. त्यामुळे वैशाखात मध्यरात्रीच्या सुमारास विशाखा नक्षत्र दक्षिणोत्तर रेषेवर येते, आणि मित्र तारा जवळजवळ त्याच रेषेवर, पण पार खाली, क्षितिजाशी असतो. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर एप्रिलअखेर रात्री पाऊणच्या सुमारास, १० मे रोजी बरोबर मध्यरात्री आणि मेअखेर साडेदहा-पावणेअकराला तो सर्वांत उंच असतो. त्याच्या उजव्या हाताला, दोन-तीन बोटांच्या अंतरावर, दुसरा ठळक तारा दिसतो, तो ‘मित्रक’. या दोघांना जोडणारी रेषा तशीच उजवीकडे नेली की त्रिशंकू या तारकासमूहाचे चार तारे येतात. त्रिशंकू मित्राच्या सव्वादोन तास आधी दक्षिणेला येतो, आणि तेव्हा हस्त नक्षत्र त्याच्या थेट डोक्यावर असते. आमच्याकडे हस्त, चित्रा, स्वाती ही नावे पावसाच्या संदर्भाने प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असतात, परंतु ती आकाशात कोठे आहेत हे दाखवणारा माणूस आता गावात शोधावा लागतो.

मृग लागला की ढग येतात आणि हा तारा आमच्यापुरता संपतो. पाऊस उघडून आकाश स्वच्छ होईपर्यंत तो सूर्याच्या आसपास गेलेला असतो. त्यामुळे एक अडचण अशी होते की, शाळेत मुले ‘सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कोणता’ याचे उत्तर पाठ करतात, आणि तो तारा रात्री सोयीच्या वेळी दिसतो तेव्हा शाळेला सुट्टी असते. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र तो पहाटे पाचला दक्षिणेला असतो. त्या दिवसांत आमच्या भागात द्राक्षांची काढणी चालू असते, मजूर आणि गाड्या अंधारातच बागेत येतात, आणि जो कोणी त्या वेळी दक्षिणेकडे मान वळवील त्याला तो दिसतो. शेजारच्या वस्तीवरील काही मुलांनी एकदा त्याला ड्रोन समजून मला फोन केला होता. क्षितिजाजवळच्या जाड हवेतून येताना ताऱ्याचा प्रकाश थरथरतो आणि क्षणात लाल, क्षणात हिरवा भासतो, हे त्यांना बांधावर बसवून समजावून सांगितले. त्यातील दोघे पुढच्या अमावास्येला आपणहून आले.

आता हा तारा म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण लेखात ते घाईने आटोपले होते. डोळ्यांना एकच दिसणारा हा ठिपका प्रत्यक्षात दोन सूर्यांचा आहे. मोठा आपल्या सूर्याच्या सुमारे १.१ पट वस्तुमानाचा आहे आणि धाकटा ०.९ पट. दोघे मिळून व्याध आणि अगस्त्य यांच्या खालोखाल रात्रीच्या आकाशातील तिसऱ्या क्रमांकाचे तेज देतात. ते एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. १९५५ मध्ये ते परस्परांच्या सर्वांत जवळ आले होते आणि आता २०३५ मध्ये पुन्हा येतील, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात त्यांची एक फेरी होते. तिसरा भाऊ प्रॉक्सिमा. हा लाल खुजा तारा सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढ्या वस्तुमानाचा आणि इतका मंद आहे की साध्या द्विनेत्रीतूनही दिसत नाही. तो १९१५ मध्ये जोहान्सबर्गच्या वेधशाळेत रॉबर्ट इन्स यांना सापडला. जवळपणाचा मान मात्र त्याचाच आहे, कारण तो ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे आणि मोठी जोडी ४.३७ वर. तेव्हा ‘सर्वांत जवळचा तारा’ डोळ्यांना दिसत नाही हे खरे, पण त्याचे घर दिसते.

ही अंतरे आकड्यांत वाचून मनात उतरत नाहीत, म्हणून माझ्या मुलीसाठी मी बागेतल्याच मापाने ती मांडली. दीड सेंटिमीटर व्यासाचा द्राक्षाचा मणी म्हणजे सूर्य धरला. तो सांगलीत ठेवला, तर पृथ्वी त्याच्यापासून एक मीटर साठ सेंटिमीटरवर, टाचणीच्या टोकाहूनही बारीक असा कण असेल. मित्राचे दोन मणी मात्र सुमारे ४४५ किलोमीटरवर ठेवावे लागतील, म्हणजे पुणेमार्गे थेट नाशिकच्या बागांपर्यंत गाडी न्यावी लागेल. त्या बागेत हे दोन मणी एकमेकांपासून कधी १८ मीटरवर येतील, तर कधी ५७ मीटरवर जातील. प्रॉक्सिमा ही मोहरी असेल आणि ती त्यांच्यापासून २१ किलोमीटर दूर, किंचित आपल्या अंगाला पडलेली असेल. या मोहरीला त्या दोन मण्यांभोवती एक फेरी मारण्यास पाच लाखांहून अधिक वर्षे लागतात. सांगली ते नाशिक या सबंध वाटेवर दुसरा मणी नाही. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले की, आत्ता दिसतोय तो उजेड कधीचा? ती नुकतीच नववी पास झाली होती, आणि तो उजेड निघाला तेव्हा ती पाचवीत होती. हे सांगितल्यावर तिने मूठ धरून पुन्हा एकदा तारा मोजला.

शेजारचा मित्रक याच्या उलट फसवा आहे. दोघे जोडीने उगवतात, जोडीने मावळतात, नावेही जोडीची आहेत, पण मित्रक सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे मित्राच्या जवळजवळ नव्वदपट लांब. त्रिशंकूचा सर्वांत ठळक, तळाचा तारा ३२० प्रकाशवर्षांच्या आसपास आहे आणि तोही एक तारा नसून अनेक ताऱ्यांचा समूह आहे. क्षितिजाच्या इतक्या लहान पट्ट्यात बहुतारा संस्थांची अशी दाटी आहे.

या ताऱ्याच्या इतिहासातील एक पान आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. मित्र हा एक नसून दोन तारे आहेत, हे प्रथम १६८९ च्या डिसेंबरमध्ये, भारताच्या भूमीवरून लक्षात आले. पुदुचेरी येथे जाँ रिशो हे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू दुर्बिणीतून एका धूमकेतूचे निरीक्षण करीत होते, आणि त्या ओघात त्यांना हा तारा दुहेरी दिसला. त्याच वर्षी मार्चमध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा अंत झाला होता, आणि वर्षाच्या अखेरीस छत्रपती राजाराम महाराज औरंगजेबाच्या फौजांना हुलकावणी देत जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले होते. जिंजी पुदुचेरीपासून ७० किलोमीटरांच्या आत आहे. महाराष्ट्रातून राजाराम महाराजांबरोबर गेलेल्या आणि किल्ल्यावर पहाऱ्याला उभ्या असलेल्या आमच्याच मुलखातील माणसांना तो तारा येथल्यापेक्षा पाच अंश उंच दिसत असणार. हे माझे अनुमान आहे, नोंद नव्हे, पण दोन्ही घटना एकाच वर्षअखेरीच्या आणि एकाच परिसरातल्या आहेत, यात शंका नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत जिंजी असते आणि पाश्चात्त्य खगोलशास्त्राचा इतिहासही असतो, मात्र हे दोन धडे कोणी शेजारी ठेवत नाही.

पुढे १८३२-३३ मध्ये टॉमस हेंडरसन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप येथून या ताऱ्याचे अंतर मोजण्यास लागणारी निरीक्षणे घेतली, परंतु खात्री करून घेण्यात काही वर्षे गेली, आणि दुसऱ्याच एका ताऱ्याचे अंतर १८३८ मध्ये जाहीर करून पहिलेपणाचा मान बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने मिळवला. हेंडरसन यांचा निष्कर्ष १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये चिलीतील दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून प्रॉक्सिमाभोवती सव्वाअकरा दिवसांत एक फेरी मारणारा, पृथ्वीहून किंचित अधिक वस्तुमानाचा ग्रह असल्याचे जाहीर झाले. मोठ्या ताऱ्याभोवती शनीएवढा ग्रह असावा असे जेम्स वेब दुर्बिणीच्या ऑगस्ट २०२४ मधील निरीक्षणांवरून वाटते, पण नंतरच्या निरीक्षणांत तो पुन्हा दिसला नाही आणि गोष्ट निश्चित झालेली नाही. आपल्या लेखात तो ‘सापडला’ असे छापले आहे. तेवढीही दुरुस्ती व्हावी.

महोदय, एवढे सविस्तर लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. हा तारा आमच्या भागातून दिसेनासा होऊ लागला आहे. आकाशाची मंद गती याला थोडी कारण आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्यामुळे हा तारा आपल्यासाठी शतकाला सुमारे ०.४ अंशाने खाली सरकतो, म्हणजे हजार वर्षांपूर्वी याच माळावरून तो आजच्यापेक्षा चार अंश उंच दिसत असे. त्याला कोणाचाच इलाज नाही आणि त्याची घाईही नाही. पण गेल्या सहा-सात वर्षांत जे झाले ते आपल्या हातचे आहे. बारा अंशांवरील ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा जवळजवळ पाचपट जाडीच्या हवेतून आपल्यापर्यंत येतो, आणि नेमक्या त्याच थरात गावांच्या दिव्यांचा उजेड धुळीवर पसरून राहतो. डोक्यावरची चित्रा किंवा स्वाती चौकातूनही दिसते, पण दक्षिणेचा पट्टा पहिल्यांदा धुऊन निघतो. त्रिशंकूचे तळाचे तारे तर मला बागेतून या वर्षी दोनच रात्री दिसले.

आमच्या गावाच्या दक्षिण टोकाला एका चौकात हायमास्ट दिवा बसवला आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण असा दिवा आता गावोगावी आहे आणि दोष एका गावाचा नाही. दिवा नको असे माझे म्हणणे मुळीच नाही. तेथे एस.टी.तून रात्री उतरणाऱ्या बायका-मुली असतात, विंचू-सापाचे भय असते, आणि अंधारात राहण्याचा काळ आमच्या आईवडिलांनी पुरेसा भोगला आहे. प्रश्न दिव्याच्या तोंडाचा आहे. त्याचे फोकस आडवे, जवळजवळ क्षितिजाकडे तोंड करून बसवले आहेत. त्यामुळे खांबाच्या बुडाशी, जेथे लोक उतरतात, तेथे खांबाच्याच सावलीचे काळे वर्तुळ असते, आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या माझ्या बागेत मांडवाच्या तारांची सावली जमिनीवर मोजता येते. हे मी स्वतः टेप लावून पाहिले आहे: बुडापासून चार पावलांपर्यंत चप्पल नीट दिसत नाही. विजेचे बिल गाव भरते आणि तो उजेड आकाशात जातो.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. दिव्यांची तोंडे सरळ खाली करणे, वर व बाजूंना पत्र्याची झाकणे बसवणे, पांढऱ्याफटक दिव्यांऐवजी पिवळसर छटेचे दिवे घेणे आणि मध्यरात्रीनंतर निम्मे दिवे बंद ठेवणे, इतकेच हे उपाय आहेत. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचे आकाश अंधारे राखलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी परिसरातील गावांतील रस्त्यांचे दिवे याच पद्धतीने बदलण्यात आले. पेंचहून मित्र तारा साडेसात अंशांपेक्षा वर चढत नाही. जत, कवठेमहांकाळ आणि आटपाडीच्या मोकळ्या माळांवरून तो बारा अंशांच्या आसपास चढतो, दक्षिणेला डोंगराची आड नाही, आणि कमी पावसाच्या या मुलखात उन्हाळ्याची आकाशे राज्यातील बहुतेक भागांपेक्षा कोरडी असतात. दुष्काळी म्हणून ज्या तालुक्यांचे नाव आजवर घेतले जाते, त्यांच्याकडे दक्षिणेचे आकाश पाहण्याची ही जागा आहे. जिल्हा परिषदेने नवे दिवे मंजूर करताना ‘दिव्याचा प्रकाश क्षितिजाच्या वर जाता कामा नये’ एवढी एक अट घालावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. दैनंदिन पंचांगाच्या चौकटीत आपण सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रनक्षत्र छापता. चैत्र आणि वैशाख अमावास्येच्या मागच्या-पुढच्या आठवड्यात त्याच चौकटीत ‘आज मित्र तारा दक्षिणेस अमुक वाजता’ अशी एक ओळ द्यावी. वेळ काढणे कठीण नाही, कारण तो रोज चार मिनिटे आधी येतो. सांगलीची वेळ छापली तर सातारकरांनाही ती चालेल, फक्त तेथून तो अर्ध्या-पाऊण अंशाने खाली दिसेल आणि शहरातून पाहणाऱ्यांना दक्षिणेची मोकळी बाजू शोधावी लागेल. ज्यांच्याकडे दोन-तीन इंची दुर्बीण आहे त्यांनी ती अवश्य लावावी. २०१६ च्या सुमारास हे दोन तारे आकाशात फार जवळ दिसत होते, त्यानंतर त्यांच्यातील अंतर वाढले आहे, आणि हवा स्थिर असेल तर लहान दुर्बिणीतूनही ते आता वेगळे दिसतात: दोन्ही पिवळसर, एक जरा अधिक तेजस्वी.

आमच्या चौकातील दिव्याबाबत मी दोन वेळा लेखी अर्ज दिला असून उत्तर आलेले नाही. तिसऱ्या अर्जासोबत मी तालुक्याच्या गावातील वेल्डिंगच्या दुकानातून पत्र्याचा एक टोप करून घेतला आहे. माप त्या खांबावरील फोकसचेच आहे आणि खर्च माझा आहे. परवानगी मिळाल्यास तो एका फोकसवर बसवून पाहावा, खांबाच्या बुडाशी उजेड वाढतो की नाही हे गावकऱ्यांनी स्वतः तपासावे, आणि मगच उरलेल्यांचे ठरवावे, असे त्या अर्जात लिहिले आहे. मृगाला अजून अवकाश आहे.

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार
ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली